व्हेरिएबल म्हणजे काय? उत्तर आपल्या पाटणमध्ये आहे : भास्कराचार्यांची गोष्ट

सावद्यातल्या एखाद्या केळी व्यापाऱ्याची वही उघडून बघा. एका ओळीत शेतकऱ्याचं नाव, पुढं गाव, मग घडांची संख्या, वजन किती क्विंटल, त्या दिवसाचा भाव, एकूण रक्कम आणि शेवटी पैसे दिले की नाही याची खूण. प्रत्येक रकान्याला वर नाव आहे. नाव तेच राहतं, खालची किंमत मात्र रोज बदलते. आणि वजनाच्या रकान्यात कुणी गावाचं नाव लिहीत नाही.

एवढं समजलं असेल तर प्रोग्रॅमिंगचे पहिले दोन धडे तुम्हाला आधीच येतात. नाव दिलेला रकाना म्हणजे व्हेरिएबल. त्या रकान्यात कोणत्या प्रकारची गोष्ट बसणार, हे ठरवणं म्हणजे डेटा टाईप.

तरीही मराठी माध्यमातून आलेली बरीच मुलं पहिल्याच आठवड्यात अडखळतात. शब्द इंग्रजी, पुस्तक इंग्रजी, त्यामुळे कल्पनाही परकीच वाटते. खरं तर माहीत नसलेल्या संख्येला नाव द्यायचं आणि वेगवेगळ्या प्रकारच्या राशी एकमेकींत मिसळायच्या नाहीत, हे शिस्तीत शिकवणारा एक मोठा शिक्षक साडेआठशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे ग्रंथ शिकवण्यासाठी खास शाळा निघाली, तीही आपल्याच जळगाव जिल्ह्यात. सावद्याहून रेल्वेनं भुसावळ, जळगाव करत चाळीसगावला उतरायचं आणि तिथून डोंगराच्या दिशेनं पाटणला जायचं. पाटणादेवी म्हणून आपण जिथं दर्शनाला आणि पावसाळ्यात धबधबे बघायला जातो, तेच हे पाटण.

त्या शिक्षकाचं नाव भास्कराचार्य. आज त्यांची गोष्ट आणि तिच्याच सोबतीनं व्हेरिएबल आणि डेटा टाईप समजून घेऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

भास्कराचार्यांनी संगणकाचा किंवा प्रोग्रॅमिंगचा शोध लावला, असा दावा हा लेख करत नाही. तसे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात, ते पुढं पाठवू नका. अज्ञात संख्यांना रंगांची नावं देण्याची पद्धतही त्यांच्या आधीची आहे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ती वापरली होती. भास्कराचार्यांचं मोठेपण वेगळं आहे. विखुरलेलं गणित त्यांनी एका जागी आणलं, नेमकं केलं आणि विद्यार्थ्याला पेलेल अशा रूपात मांडलं.

जन्म, घर आणि शिक्षण

भास्कराचार्यांनी आपला जन्मशक स्वतःच लिहून ठेवला आहे : शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे स्वतः नावाजलेले ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. घराण्यात विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. पाटणच्या शिलालेखात ही सगळी वंशावळ दिलेली आहे. त्यातल्या एका पूर्वजाला भोजराजानं विद्यापती ही पदवी दिल्याचा उल्लेखही तिथं आहे.

गावाचं नाव त्यांनी विज्जडविड असं सांगितलं आहे, सह्याद्रीच्या आश्रयानं असलेलं. हे गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. कुणी विजापूर म्हणतं, कुणी बीड, तर कुणी पाटणचा परिसर. वाद मिटलेला नाही, पण घराण्याचं पाटणशी नातं दगडावर कोरलेलं आहे. त्याकडे शेवटी येऊ.

त्या काळी आकडेमोड कशी चालायची? पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं किंवा काडीनं आकडे काढायचे. म्हणून या गणिताला धूलिकर्म असंही नाव होतं. एक पायरी झाली की जुना आकडा पुसायचा आणि त्याच जागी नवा लिहायचा.

व्हेरिएबलचं नेमकं हेच काम आहे. संगणकाच्या मेमरीत एक जागा असते, तिला आपण नाव देतो. समजा लिहिलं :

घड = ४२

मग आणखी एक घड आला :

घड = घड + १

नवखा विद्यार्थी इथं गोंधळतो, कारण शाळेच्या गणितात घड आणि घड अधिक एक समान असूच शकत नाहीत. पण इथलं = हे चिन्ह समानतेचं नाही. उजवीकडचं गणित आधी कर आणि उत्तर डावीकडच्या नावाच्या जागेत ठेव, असा तो हुकूम आहे. धुळीवरचा ४२ पुसला गेला, तिथं ४३ आला. जागा तीच, नाव तेच.

जाता जाता एक उपयोगी माहिती. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत लिहिलेलं चालतं. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टाईप करावे लागतात.

छत्तिसाव्या वर्षी मोठा ग्रंथ

इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिले दोन गणिताचे, पुढचे दोन खगोलशास्त्राचे. या ग्रंथावर त्यांनी स्वतःच टीकाही लिहिली, म्हणजे सूत्र दिलं आणि ते असंच का, हेही समजावलं. आजचा चांगला प्रोग्रॅमर कोडच्या शेजारी कॉमेंट लिहितो, ती याच कारणासाठी. सहा महिन्यांनी दुसऱ्याला काय, स्वतःलाही ते समजलं पाहिजे.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती आपल्यापर्यंत आली ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती कथा नाही.

लीलावतीची सुरुवात कशानं होते? बेरजेनं नाही. सुरुवात होते मापांच्या कोष्टकांनी. २० वराटक म्हणजे कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म आणि १६ द्रम्मांचा १ निष्क. मग वजनाची मापं, लांबीची मापं, धान्याची मापं. आपण काय मोजतो आहोत हे आधी ठरवायचं, मग गणिताला हात घालायचा.

या कोष्टकातून आजच्या प्रोग्रॅमरलाही शिकण्यासारखं आहे. एका निष्काच्या कवड्या किती? १६ गुणिले १६ गुणिले ४ गुणिले २०, म्हणजे २०,४८०. सगळ्यात लहान नाण्यात हिशेब केला की अपूर्णांक उरतच नाही. आज संगणकात दशांश संख्या ठेवताना याचीच आठवण येते. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून बघा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. कारण संगणक दोनच अंकांत विचार करतो आणि ०.१ ही संख्या त्याला तंतोतंत मांडता येत नाही. म्हणून पैशांचा व्यवहार सांभाळणाऱ्या अनेक प्रोग्रॅममध्ये रक्कम पैशांत ठेवतात : १२.५० रुपये असं न ठेवता १२५० पैसे. युक्ती तीच, कवडीत हिशेब करण्याची.

माहीत नसलेल्याला नाव देणं

आता बीजगणित या दुसऱ्या भागाकडे. तिथं माहीत असलेल्या संख्येला रूप म्हणतात आणि थोडक्यात रू लिहितात. माहीत नसलेल्या संख्येला यावत्तावत् म्हणतात, म्हणजे जितकी असेल तितकी, आणि थोडक्यात या लिहितात. एकापेक्षा जास्त अज्ञात संख्या असतील तर पुढच्यांना रंगांची नावं : काळक, नीलक, पीतक, लोहितक. त्यांची अक्षरं का, नी, पी, लो.

आपण शाळेत जे क्ष आणि य लिहितो, तेच हे. युरोपात अज्ञातासाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरं वापरायची पद्धत देकार्तनं १६३७ मध्ये रूढ केली.

बीजगणितातलं एक गाजलेलं उदाहरण घेऊ. एका माणसाकडे ६ घोडे आणि रोख ३०० आहेत. दुसऱ्याकडे १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० चं कर्ज आहे. सगळ्या घोड्यांची किंमत सारखी. दोघांची मालमत्ता समान आहे. तर एका घोड्याची किंमत किती?

भास्कराचार्यांच्या पद्धतीत दोन्ही बाजू एकाखाली एक लिहितात :

या ६ रू ३००
या १० रू १०० (या शंभरावर एक टिंब)

ते टिंब म्हणजे ऋण. कर्ज आहे, म्हणून वजा. आता या मधून या वजा करायचे, रू मधून रू. उरतं : ४ या बरोबर ४०० रू. म्हणजे एका घोड्याची किंमत १०० आणि प्रत्येकाची मालमत्ता ९००.

एक फरक लक्षात ठेवा. या गणितात या ची किंमत सुरुवातीपासून १०० च होती, फक्त आपल्याला माहीत नव्हती. प्रोग्रॅममधल्या व्हेरिएबलची किंमत मात्र चालता चालता बदलू शकते. नाव देण्याची कल्पना दोन्हीकडे एकच, पण नावामागची किंमत एकीकडे लपलेली आणि दुसरीकडे बदलती.

जातीला जात मिळते

घोड्यांच्या गणितात आपण या आणि रू एकत्र केले नाहीत. हाच त्या पुस्तकातला पायाचा नियम आहे. एका जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी होते, वेगळ्या जातीच्या राशी शेजारी शेजारी वेगळ्याच ठेवायच्या. या आणि या च्या वर्गाचीही बेरीज होत नाही.

करणी, म्हणजे ज्या संख्यांचं वर्गमूळ पूर्ण निघत नाही अशा राशी, यांच्यासाठी तर वेगळं प्रकरणच आहे. वर्गमूळ २ आणि वर्गमूळ ८ यांची बेरीज वर्गमूळ १८ होते, म्हणून ती करून टाकायची. पण वर्गमूळ ३ आणि वर्गमूळ ७ अशा रीतीनं एकत्र होत नाहीत, म्हणून तशाच वेगळ्या ठेवायच्या. ओढूनताणून एक करायच्या नाहीत.

डेटा टाईप म्हणजे हीच शिस्त. आता सावद्याची वही पुन्हा उघडू आणि प्रोग्रॅमच्या भाषेत लिहू :

गाव = "सावदा"
घड = ४२
वजन = ७.३५
भाव = १६००
पैसे_मिळाले = नाही

या पाच ओळींत चार प्रकार आहेत.

गाव हा मजकूर आहे. याला स्ट्रिंग म्हणतात आणि तो अवतरणचिन्हांत लिहितात.

घड आणि भाव या पूर्ण संख्या आहेत. यांना इंटिजर म्हणतात.

वजन दशांशात आहे. याला फ्लोट म्हणतात.

पैसे_मिळाले याला दोनच उत्तरं शक्य आहेत, हो किंवा नाही. याला बूलियन म्हणतात. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञावरून आलं. प्रत्यक्ष कोडमध्ये इथं ट्रू किंवा फॉल्स लिहितात.

वजन गुणिले भाव केलं की रक्कम निघते : ७.३५ गुणिले १६०० म्हणजे ११,७६०. पण घड अधिक गाव असं लिहिलंत तर पायथॉन काम थांबवतो आणि टाईप एरर दाखवतो. बेचाळीस अधिक सावदा, याचं उत्तर काय देणार बिचारा?

याहून फसवी चूक वेगळी असते. पायथॉनमध्ये कीबोर्डवरून घेतलेली प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणून येते. तुम्ही ७ टाईप केलंत तरी संगणकाच्या दृष्टीनं ते अक्षर असतं. अशा दोन साती मिळवल्या तर १४ येत नाहीत, ७७ येतात, कारण मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढं एक जोडणं. एररही दिसत नाही, फक्त उत्तर चुकतं. म्हणून आधी त्या मजकुराचं संख्येत रूपांतर करून घ्यायचं. उलट, मोबाईल नंबर अंकांनी बनलेला असला तरी तो मजकूर म्हणूनच ठेवायचा. दोन मोबाईल नंबरांची बेरीज कुणाला लागते?

नावाच्या पहिल्या अक्षरावरून प्रकार ओळखायची युक्तीही आधुनिक संगणकात येऊन गेली आहे. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान या भाषेत व्हेरिएबलचं नाव इंग्रजी आय ते एन यांपैकी अक्षरानं सुरू झालं, तर ती पूर्ण संख्या धरली जायची. बाकी अक्षरं दशांश संख्यांसाठी.

माकडं, मोर आणि न पटणारी उत्तरं

भास्कराचार्यांची उदाहरणं कोरडी नाहीत. एका कळपातल्या माकडांचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ वजा करा आणि त्याचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली. एक माकड फांदीवर चढलेलं दिसतंय. तर कळपात एकूण माकडं किती?

गणितानं दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. पन्नास घेऊन बघू : पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, अधिक फांदीवरचं एक, झाले ५०. आता पाच घेऊ : पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उणे २, वर्ग ४, अधिक एक, झाले ५. आकड्यांत दोन्ही बरोबर. पण भास्कराचार्यांनी दुसरं उत्तर बाजूला ठेवलं, कारण उणे दोन माकडं ही गोष्ट लोकांना पटण्यासारखी नाही. कर्ज ऋण असू शकतं, माकडं नाही. आज सी किंवा सी प्लस प्लस शिकताना अनसाईन्ड इंटिजर भेटतो, म्हणजे ऋण होऊच न शकणारी पूर्ण संख्या. मोजदादीच्या गोष्टी त्यात ठेवतात.

दुसरं उदाहरण पक्ष्यांचं. ३ द्रम्मांना ५ पारवे, ५ ला ७ सारस, ७ ला ९ हंस आणि ९ ला ३ मोर मिळतात. १०० द्रम्मांत बरोबर १०० पक्षी आणायचे. इथं चार अज्ञात, म्हणून चार नावं : या, का, नी, पी. एक उत्तर असं : ५ पारवे, ५६ सारस, २७ हंस, १२ मोर. खर्च ३ अधिक ४० अधिक २१ अधिक ३६, एकूण १००. दुसरंही चालतं : १५ पारवे, २८ सारस, ४५ हंस, १२ मोर. मात्र अर्धा मोर कुणी विकत देत नाही, म्हणून उत्तर पूर्णांकातच हवं. प्रकार आधी ठरला की चुकीची उत्तरं आपोआप गळून पडतात.

शून्यानं भागलं तर?

इथं भास्कराचार्यांनी धाडस केलं. एखाद्या संख्येला शून्यानं भागलं तर येणाऱ्या राशीला त्यांनी खहर म्हटलं आणि ती अनंत मानली. तिच्यात कितीही मिळवा किंवा काढा, ती तशीच राहते.

आज पायथॉनमध्ये एखाद्या संख्येला शून्यानं भागायला गेलात तर एरर येते. जावास्क्रिप्टमध्ये १ ला ० नं भागलं तर उत्तर इन्फिनिटी येतं, आणि त्यात १ मिळवला तरी इन्फिनिटीच राहतं. खहरासारखंच.

पण पुढच्या पायरीवर भास्कराचार्य घसरले. शून्यानं भागलेल्या संख्येला पुन्हा शून्यानं गुणलं तर मूळ संख्या परत मिळते, असं धरून त्यांनी उदाहरणं सोडवली. आजच्या गणितात हे चालत नाही. जावास्क्रिप्ट तिथं संख्याच नाही असं उत्तर देतं. मोठा माणूस चुकतो तेव्हा ती चूकही नीट बघावी, त्यातून प्रश्न किती अवघड होता ते कळतं.

एवढा मोठा आकडा बसणार कुठं?

आणखी एक प्रश्न. अशी पूर्ण संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ नं गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल. साधा दिसतो, पण सगळ्यात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. आणि जो वर्ग मिळतो त्याचं मूळ १,७६,६३,१९,०४९. भास्कराचार्यांनी हे चक्रवाल नावाच्या पद्धतीनं काढून दाखवलं, धुळीच्या पाटीच्या काळात. फ्रान्सच्या फर्मानं हाच प्रश्न १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढं आव्हान म्हणून टाकला.

जावा भाषेतल्या साध्या इंटिजरला ३२ बिट जागा असते. त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. म्हणजे भास्कराचार्यांचे दोन्ही आकडे त्यात जेमतेम बसतात. पण ताळा करायला दुसऱ्या आकड्याचा वर्ग केलात तर तो १९ अंकी होतो आणि भांडं ओसंडतं. जावा एररही देत नाही, चुपचाप भलताच आकडा देते. याला ओव्हरफ्लो म्हणतात. तिथं ६४ बिटांचा लाँग हा प्रकार घ्यावा लागतो. पायथॉनमध्ये पूर्ण संख्येला अशी मर्यादा नसते, मेमरी पुरेल तितका आकडा मोठा होऊ शकतो.

उत्तरायुष्य आणि पाटणची शाळा

इ.स. ११८३ चं करणकुतूहल हे त्यांचं शेवटचं ज्ञात काम. वय एकोणसत्तर. ग्रहांची स्थानं काढायला मोठ्या ग्रंथातली लांबलचक आकडेमोड लागायची. इथं त्यांनी ती सोपी आणि आटोपशीर करून दिली. साठी उलटल्यावरही त्यांना काळजी होती ती रोज हिशेब करणाऱ्या माणसाची.

पुढची गोष्ट पाटणच्या दगडावर आहे. मुलगा लक्ष्मीधर याची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपाळानं त्याला या गावातून नेलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचं देऊळ आहे ते चांगदेव योगी वेगळे, आणि हा वेगळा.

या नातवानं पाटणला एक मठ काढला. उद्देश एकच : आजोबांचे सिद्धांतशिरोमणी आणि इतर ग्रंथ तिथं शिकवले जावेत. इ.स. १२०७ मध्ये श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं मठाला दान दिलं. शिलालेख संस्कृतात आहे, पण दानाच्या व्यवहाराचा भाग आला की भाषा मराठी होते, कारण ते बाजारातल्या माणसाला कळायला हवं होतं. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडेल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला दिला, असा तिथला आशय. तेलाच्या घाण्यांकडूनही वाटा होता.

म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या बाजारात सौदा झाला की त्यातला हिस्सा गणिताच्या शाळेला जायचा.

नंतर पाटण उजाड झालं, रान वाढलं. ग्रंथ मात्र देशभर पोचले होते. बीजगणिताचं फारसी भाषांतर शहाजहानच्या काळात झालं, १८१७ मध्ये कोलब्रूकनं लीलावती आणि बीजगणिताचं इंग्रजी भाषांतर केलं. पाटणचा शिलालेख उजेडात आणला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, त्याबद्दल त्यांनी १८६५ मध्ये लिहिलं. भारतानं १९७९ आणि १९८१ मध्ये सोडलेल्या उपग्रहांना भास्कर हे नाव दिलं.

थोडक्यात लक्षात ठेवा

व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेली जागा. नाव असं ठेवा की वाचूनच कळेल आत काय आहे.

= म्हणजे उजवीकडचं काढून डावीकडं ठेव.

मजकूर म्हणजे स्ट्रिंग, पूर्ण संख्या म्हणजे इंटिजर, दशांश म्हणजे फ्लोट, हो-नाही म्हणजे बूलियन.

पैसे शक्यतो लहान एककात, पूर्णांकात ठेवा.

बाहेरून आलेली माहिती कोणत्या प्रकारची आहे हे तपासल्याशिवाय गणित करू नका.

आणि एक छोटा गृहपाठ. घरातली कोणतीही वही घ्या : दूध डेअरीची, किराणा उधारीची, नाहीतर केळीच्या पट्टीची. तिच्या एका ओळीतल्या प्रत्येक रकान्याला नाव द्या आणि प्रकार ठरवा. मग फोनवरच्या पायथॉन ॲपमध्ये ती ओळ टाईप करून रक्कम काढा. वहीतल्या आकड्याशी जुळली तर पहिला प्रोग्रॅम झाला. जुळली नाही तर आधी प्रकार तपासा, बहुतेक वेळा चूक तिथंच सापडते.

पुढच्या वेळी पाटणादेवीला गेलात तर तो शिलालेखही आठवणीनं बघून या. सोबत दहावी-बारावीचं कुणी असेल तर त्याला घोड्यांचं गणित घाला.